पडद्यापलीकडचा विद्यार्थी

प्रस्तावना

शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम वर्ग उभा राहतो. फळा, खडू, बाकांच्या रांगा आणि फळ्यापाशी उभे असलेले गुरुजी किंवा बाई. परंतु शिक्षणाचा हा एकच मार्ग नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपण स्वतः मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी आहात. आपल्यापैकी कोणी शेतीचे काम आटोपून पुस्तक उघडत असेल, कोणी कारखान्यातील पाळी संपवून, तर कोणी मुलांना निजवून. शिक्षक एका ठिकाणी आणि विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी, ही आपल्या शिक्षणातील नेहमीचीच स्थिती आहे.

आता या स्थितीत संगणक आणि मोबाइल यांची भर पडली आहे. पडद्यावर शिक्षक दिसतात, त्यांचा आवाज ऐकू येतो आणि तरीही पुष्कळदा तास संपल्यावर हाती काहीच लागलेले नसते. असे का होते? पडद्यावरून शिकवणे परिणामकारक कशाने होते? चेन्नई शहरातील काही अनुभवांच्या आधारे या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण :
- प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाइन वर्ग यांतील मुख्य फरक सांगू शकाल;
- ऑनलाइन अध्यापन प्रभावी होण्यासाठी आवश्यक असलेल्या गोष्टी स्पष्ट करू शकाल;
- ऑनलाइन शिक्षणाच्या मर्यादा उदाहरणांसह मांडू शकाल;
- स्वतःच्या अभ्यासात या माहितीचा उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. मद्रासमधील एक जुना प्रश्न

शिक्षक थोडे आणि विद्यार्थी पुष्कळ, ही अडचण आजची नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, डॉ. अँड्रू बेल नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकापुढे ती उभी राहिली. १७८९ साली एग्मोर येथील सैनिकांच्या मुलांच्या अनाथालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. तेथील शिक्षक अपुरे होते आणि नव्या पद्धतीला ते तयार नव्हते. एकदा एका गावठी शाळेजवळून जाताना मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवत असल्याचे बेल यांच्या पाहण्यात आले. हा प्रकार त्यांना इतका आवडला, की आपल्या शाळेतही तसेच शिकवावे असे त्यांनी सांगितले. शिक्षकाने नकार दिला, तेव्हा जॉन फ्रिस्कन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडेच त्यांनी ते काम सोपवले. जरा पुढे गेलेल्या मुलाने मागे असलेल्या मुलांना शिकवावे, अशी ही पद्धती होती. बेल १७९६ साली मायदेशी परतले आणि १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाची हकीकत लंडनमध्ये प्रसिद्ध केली. ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती पुढे इंग्लंडमधील शेकडो शाळांत पोहोचली.

या पद्धतीचा गुण असा होता, की प्रत्येक मूल सतत काहीतरी करत असे आणि ते बरोबर की चूक, हे लगेच कोणीतरी पाहत असे. तिचा दोषही तितकाच स्पष्ट होता. शिकवणारे मूल स्वतःच अर्धवट शिकलेले असल्याने शिक्षण यांत्रिक होई. पाठांतर वाढे, समज वाढत नसे. अनेकांना एकाच वेळी शिकवायचे, पण त्यातील प्रत्येकाकडे लक्षही द्यायचे, हा पेच बेल यांना पूर्णपणे सोडवता आला नाही. दोनशे वर्षांनंतर त्याच शहरात तो पेच नव्या रूपात पुन्हा समोर आला.

२. चेन्नईतील नवे प्रयोग

१७ फेब्रुवारी २००१ रोजी तमिळनाडू सरकारने चेन्नईत तमिळ आभासी विद्यापीठ सुरू केले. हीच संस्था आज तमिळ आभासी अकादमी म्हणून ओळखली जाते. देशोदेशी स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबांतील मुलांना आपली भाषा आणि संस्कृती शिकता यावी, हा त्यामागील हेतू होता. ज्यांच्या आसपास तमिळ शिकवणारा कोणी नाही, त्यांच्यासाठी इंटरनेट हीच शाळा झाली.

दुसरा आणि अधिक व्यापक प्रयोग चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेशी, म्हणजेच आयआयटी मद्रासशी निगडित आहे. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली केंद्र सरकारच्या साहाय्याने एक कार्यक्रम हाती घेतला. ‘एनपीटीईएल’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो आणि त्याच्या समन्वयाची मोठी जबाबदारी आयआयटी मद्रासकडे आहे. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत चांगल्या प्राध्यापकांची उणीव होती. तेव्हा नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित करून ती सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून द्यावीत, अशी कल्पना होती. एका विषयासाठी साधारणपणे प्रत्येकी तासाभराची चाळीस व्याख्याने तयार होत.

ही व्याख्याने असंख्य विद्यार्थ्यांना उपयोगी पडली. परंतु व्याख्यान उपलब्ध असणे वेगळे आणि त्यातून शिकणे वेगळे. कोणी पहिली दोन व्याख्याने पाहून थांबला, तर ते कोणाला कळत नव्हते. कोणाची शंका अडली, तर ती विचारायला जागा नव्हती. म्हणून २०१४ सालापासून एनपीटीईएलने निराळी रचना स्वीकारली. अभ्यासक्रम ठरावीक आठवड्यांचा, उदाहरणार्थ चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा झाला. दर आठवड्याला थोडा भाग खुला होऊ लागला आणि त्यावरील स्वाध्याय मुदतीत देणे आले. शंका विचारण्यासाठी चर्चेचे व्यासपीठ मिळाले. शेवटची परीक्षा मात्र ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यायची, असा नियम झाला. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हा उपक्रम राष्ट्राला अर्पण केला. त्यातही प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग मानले आहेत : चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. चित्रफीत हा चारांपैकी केवळ एक भाग आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

२०२० साली आयआयटी मद्रासने याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले आणि डेटा सायन्स या विषयाचा पदवी अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केला. त्याची प्रवेशपद्धती विचार करण्याजोगी आहे. प्रवेशासाठी आयआयटीची नेहमीची कठीण स्पर्धापरीक्षा देण्याची सक्ती नाही. अर्जदाराला चार आठवडे प्रत्यक्ष अभ्यासक्रमातीलच धडे शिकवले जातात. त्याने स्वाध्याय पूर्ण करायचे आणि जे शिकवले त्यावरच पात्रता परीक्षा द्यायची. म्हणजे तुला आधी काय येते, यापेक्षा शिकवल्यावर तू काय शिकू शकतोस, हे येथे पाहिले जाते. शाळा सुटून बरीच वर्षे लोटलेल्या प्रौढ विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

पाठगत प्रश्न १

(अ) ‘मद्रास पद्धती’चा एक गुण आणि एक दोष सांगा.
(आ) केवळ व्याख्याने उपलब्ध करून देणे अपुरे का ठरले?

३. न दिसणारा चेहरा

प्रत्यक्ष वर्गात शिक्षक बोलत असताना त्यांचे डोळेही काम करत असतात. मागच्या बाकावरील मुलाच्या कपाळावर आठी पडली, की अनुभवी शिक्षक थांबतात, तोच मुद्दा दुसऱ्या शब्दांत सांगतात, एखादे ओळखीचे उदाहरण देतात. वर्गातून कोणी उठून गेला तर ते सर्वांना दिसते. ऑनलाइन वर्गात यांतले काहीच घडत नाही. शिक्षकांना पडद्यावर नावांची यादी दिसते, चेहरे दिसत नाहीत. विद्यार्थी गोंधळला तरी कळत नाही आणि निघून गेला तरी आवाज होत नाही. प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत हे अधिक घातक असते. एकदा शाळा सुटलेला माणूस दुसऱ्यांदा गोंधळला, की ‘आपल्याला हे जमणारच नाही’ अशी समजूत करून घेतो आणि गुपचूप बाजूला होतो.

म्हणून ऑनलाइन अध्यापनातील खरा प्रश्न पडद्याचा किंवा यंत्राचा नाही. जो चेहरा दिसत नाही, तो वाचायचा कसा, हा खरा प्रश्न आहे. प्रभावी ऑनलाइन अध्यापनाच्या बहुतेक सर्व रीती याच प्रश्नाची उत्तरे आहेत.

४. थोडके आणि नेमके

पहिली रीत म्हणजे पाठ लहान ठेवणे. वर्गातील तास जसाच्या तसा पडद्यावर आणला, तर तो टिकत नाही. अमेरिकेतील ‘एडएक्स’ या संस्थेच्या चार अभ्यासक्रमांत चित्रफिती पाहिल्या गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून २०१४ साली संशोधकांनी एक निष्कर्ष मांडला. चित्रफीत कितीही लांब असली, तरी विद्यार्थी ती साधारणपणे सहा मिनिटांपेक्षा अधिक पाहत नाहीत. वर्गातील जुन्या व्याख्यानाचे तुकडे करून दाखवण्यापेक्षा पडद्यासाठी मुद्दाम तयार केलेला छोटा पाठ अधिक पाहिला जातो, असेही त्यांना आढळले. शिक्षक स्वतःच्या हाताने लिहीत, आकृती काढत समजावतात, तेव्हा नुसत्या छापील पानांपेक्षा विद्यार्थ्यांचे लक्ष अधिक गुंतते.

याचा अर्थ विषय उथळ करावा, असा नव्हे. मोठा विषय लहान पायऱ्यांत मांडावा आणि एका पायरीवर एकच मुद्दा ठेवावा, एवढाच याचा अर्थ आहे. अशी मांडणी करायला शिक्षकाला अधिक तयारी करावी लागते, कारण कोणता मुद्दा आधी आणि कोणता नंतर, हे त्याला स्वतःला पक्के ठाऊक असावे लागते.

५. प्रश्न विचारण्याची कला

दुसरी रीत म्हणजे पाठाच्या अधूनमधून प्रश्न विचारणे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात संशोधकांनी विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचे सुमारे २१ मिनिटांचे चित्रित व्याख्यान चार भागांत दाखवले. काहींना प्रत्येक भागानंतर छोटे प्रश्न विचारले, इतरांना विचारले नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना प्रश्न विचारले त्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले, त्यांनी सुमारे तिप्पट टिपणे घेतली आणि अखेरच्या परीक्षेतही ते सरस ठरले. प्रश्न ही केवळ परीक्षा नसून शिकण्याचाच एक भाग आहे, हे यावरून दिसते.

परंतु प्रश्न कसा असावा? ‘समजले का सगळ्यांना?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्यावर बहुधा ‘हो’ असेच उत्तर येते किंवा काहीच येत नाही. एक उदाहरण पाहू. शिक्षकाने शेकडेवारी शिकवली आणि विचारले : ८०० रुपयांचा सदरा २५ टक्के सवलतीत मिळाला, तर किती रुपये द्यावे लागतील? बरोबर उत्तर ६०० रुपये आहे. ज्याने ७७५ लिहिले, त्याने २५ टक्के म्हणजे २५ रुपये मानले. त्याला शेकडेवारीचा अर्थच कळलेला नाही. ज्याने २०० लिहिले, त्याने सवलत बरोबर काढली, पण प्रश्न नीट वाचला नाही. दोन्ही उत्तरे चुकीची असली, तरी दोघांना द्यायची मदत निराळी आहे. चांगला प्रश्न असा असतो, की त्याचे चुकीचे उत्तरसुद्धा शिक्षकाला काहीतरी सांगून जाते. पडद्यामुळे जो चेहरा दिसत नाही, तो अशा उत्तरांतून वाचता येतो.

६. संवाद आणि सोबत

तिसरी रीत म्हणजे विद्यार्थ्याला एकटे पडू न देणे. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला आहे. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील खरे अंतर मैलांत मोजायचे नसते. ते समजुतीचे अंतर असते. संवाद वाढला की ते कमी होते. एकाच खोलीत बसूनही हे अंतर मोठे राहू शकते आणि शेकडो मैल दूर असूनही ते मिटू शकते.

म्हणून कुशल ऑनलाइन शिक्षक विद्यार्थ्यांना नावाने हाक मारतात. सर्वांसमोर बोलायला जो बिचकतो, त्याला लिहून उत्तर देण्याची मुभा देतात. तपासलेला स्वाध्याय लवकर परत करतात आणि त्यावर फक्त गुण न लिहिता, कोठे चुकले आणि पुढे काय करावे, तेही लिहितात. विद्यार्थ्यांचे छोटे गट करून त्यांना एकमेकांना समजावून सांगायला लावतात. बेल यांच्या मद्रास पद्धतीतील चांगला भाग तो हाच. फरक एवढाच, की येथे शिक्षक बाजूला होत नाहीत.

७. जेथे पडदाच पोहोचत नाही

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन वर्ग ही एकाएकी सर्वांचीच गरज बनली. तेव्हा या शिक्षणाची मर्यादाही उघड झाली. २०२० सालच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वीच्या ३६.५ टक्क्यांच्या मानाने ही वाढ मोठी होती. तरीही दर पाच मुलांपैकी जवळजवळ दोघांच्या घरी तो नव्हता. शिवाय घरात एक फोन आणि शिकणारी तीन मुले, वडील कामावर जाताना फोन घेऊन जाणार, ही अडचण आकड्यांत दिसत नाही.

तमिळनाडूत ‘कल्वी’ ही सरकारी शैक्षणिक दूरचित्रवाहिनी २०१९ सालीच सुरू झाली होती. बंदच्या काळात तिच्यावरून पाठ दाखवले गेले. महाराष्ट्रात सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले, जेणेकरून फोन नसलेल्या मुलांनाही येताजाता वाचता यावे. सोलापूर जिल्ह्यातीलच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी त्यापूर्वीच पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून पुस्तक आणि चित्रफीत यांची सांगड घातली होती. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

एवढे प्रयत्न होऊनही मुलांचे नुकसान टळले नाही. तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील सुमारे १९,००० मुलांच्या अभ्यासातून असे दिसले, की शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत मागे पडलेल्या अभ्यासापैकी सुमारे दोनतृतीयांश भाग भरून निघाला. त्या भरपाईपैकी जवळजवळ एक चतुर्थांश वाटा ‘इल्लम तेडी कल्वी’ या उपक्रमाचा होता. या तमिळ शब्दांचा आशय ‘घर शोधत आलेले शिक्षण’ असा आहे. २०२१ साली सुरू झालेल्या या उपक्रमात वस्तीतीलच स्वयंसेवक संध्याकाळी मुलांना जमवून प्रत्यक्ष शिकवत. आयआयटीचे ऑनलाइन पदवीशिक्षण देशभर पोहोचवणाऱ्या चेन्नईचे हेच राज्य. लहान मुलांचे नुकसान भरून काढायला मात्र तेथेही जवळ बसणारे माणूसच लागले. ऑनलाइन शिक्षण कोणासाठी आणि कशासाठी, याचा विवेक ठेवावा लागतो, तो यासाठी.

पाठगत प्रश्न २

(अ) ‘समजले का?’ हा प्रश्न निरुपयोगी का आहे?
(आ) फोन नसलेल्या मुलांसाठी केलेल्या कोणत्याही दोन उपायांची माहिती द्या.

८. विद्यार्थ्याचा वाटा

प्रभावी अध्यापन ही एकट्या शिक्षकाची कामगिरी नसते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना कितीतरी अधिक लक्षात राहिले होते. वाचताना ‘हे आपल्याला येते’ असे वाटणे आणि प्रत्यक्ष येणे, यांत असे अंतर असते.

तेव्हा पडद्यावरील पाठ ऐकताना हातात वही ठेवा. मुद्दा संपला की चित्रफीत थांबवा आणि काय सांगितले ते स्वतःच्या शब्दांत लिहून पाहा. ऑनलाइन पाठ थांबवता येतो, मागे नेता येतो. प्रत्यक्ष वर्गात ही सोय नसते, तिचा पुरेपूर फायदा घ्या. दिवसातील एक ठरावीक वेळ अभ्यासासाठी राखा. शंका मनात न ठेवता विचारा. प्रश्न विचारणारा विद्यार्थी स्वतःचे अज्ञान उघडे करत नाही. तो दूर असलेल्या शिक्षकाला आपला चेहरा दाखवत असतो. आणि आपल्या अभ्यासकेंद्रावरील संपर्कवर्ग चुकवू नका. पडदा त्या भेटीला पूरक आहे, तिला पर्याय नाही.

आपण काय शिकलात

- ऑनलाइन वर्गात शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही. ही उणीव प्रश्न, स्वाध्याय आणि संवाद यांनी भरून काढावी लागते.
- लहान पाठ, अधूनमधून प्रश्न, लवकर मिळणारा अभिप्राय आणि एकमेकांची सोबत यांमुळे ऑनलाइन अध्यापन प्रभावी होते.
- चुकीचे उत्तरही शिक्षकाला मार्गदर्शक ठरते.
- साधनांची विषमता आणि लहान मुलांची गरज या ऑनलाइन शिक्षणाच्या मोठ्या मर्यादा आहेत.
- पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्याने अभ्यास अधिक काळ टिकतो.

शब्दार्थ

पेच – कठीण प्रश्न, अडचण. समन्वय – अनेकांच्या कामाचा मेळ घालणे. मूल्यमापन – शिकलेल्याची पारख. अभिप्राय – कामाविषयी दिलेले मत. विषमता – असमान स्थिती. विवेक – योग्यायोग्य ओळखण्याची बुद्धी. पूरक – उणीव भरून काढणारे.

पाठान्त प्रश्न

१. प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाइन वर्ग यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. २०१४ नंतर एनपीटीईएलच्या रचनेत कोणते बदल झाले? ते का आवश्यक होते?
३. ‘खरे अंतर मैलांत मोजायचे नसते, ते समजुतीचे अंतर असते,’ या विचाराचा आशय सोदाहरण स्पष्ट करा.
४. शेकडेवारीच्या उदाहरणाप्रमाणे आपल्या रोजच्या व्यवहारातील एक प्रश्न तयार करा. त्याची दोन चुकीची उत्तरे लिहा आणि प्रत्येक उत्तरामागे कोणता गैरसमज असेल, ते सांगा.
५. या पाठातील कोणताही एक भाग वाचा, पुस्तक मिटवा आणि आठवेल तेवढे लिहा. मग मूळ पाठाशी ताडून पाहा.